वरई आणि उद्याची एकादशी

उतू गेलंच शेवटी. गॅस बारीक केला, ओटा पुसला, पातेल्यावरचं झाकण अर्धं सरकवून ठेवलं. कोद्रा शिजायला वेळ लागतो असं पाकिटावर छापलं आहे. किती, ते छापलेलं नाही. तेवढ्यात पत्र होईल असं धरून बसलो आहे.

तीर्थस्वरूप रंगनाथदादा, साष्टांग नमस्कार लिहिण्याची पद्धत आहे, पण एका हातात पळी आहे. जेवढा जमतो तेवढा स्वीकारावा. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? (त्यांनी जिना उतरणं सोडल्याचं ऐकलं. आमच्या इमारतीला गेल्या वर्षी लिफ्ट बसवली. ती बंद असते, त्यामुळे नारायण पेठेतले आमचे गुडघे अजून चालू आहेत.) फोन सोडून पत्र कशाला, असं आपण म्हणाल. फोनवर आपण दोनदा ‘बरं’ म्हणता आणि फोन वहिनींच्या हातात देता. शिवाय उल्का शेजारच्या खोलीत पडली आहे, आणि जे सांगायचं ते तिच्याबद्दलच आहे.

आपल्या बहिणीच्या रक्तात साखर निघाली हे दिवाळीतच कळवलं होतं. गोळी घेणं तिने मान्य केलं. साखर सोडली. साबुदाणा, बटाटा, केळं सोडलं. एकादशी सोडा, हे मात्र तिला ऐकू आलं नाही. डॉक्टर हे सगळं एकाच वाक्यात बोलले होते. तिने वाक्य मधूनच ऐकायचं थांबवलं.

गेल्या एकादशीला सकाळी तिने गोळी घेतली, वर पाणी प्यायली, फराळ आल्यावर करू म्हणाली आणि जुन्या पातेल्याला कल्हई लावायला तांबट आळीत गेली. (कल्हईचं पातेलं या घरात कुणी वापरत नाही. पण कल्हई गेलेलं पातेलं घरात ठेवायचं नाही, असा नियम आहे.) तिथे भीमराव म्हणून जुने कारागीर आहेत. त्यांच्याशी बोलता बोलता ती त्यांच्या पायरीवर बसली आणि बसल्या जागी कलंडली. भीमरावांनी हातोडा खाली ठेवला, मग शेजारच्यांनी ठेवला. ते सांगत होते, आळीतली ठोकाठोक थांबली तसे कसब्यातले लोक काय झालं ते बघायला बाहेर आले, कारण ती कधी थांबत नाही. तिला थोडी शुद्ध आल्यावर कुणीतरी चहात बुडवलेलं बिस्कीट तिच्या तोंडात घातलं. मी पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हनुवटीला बिस्किटाचा लगदा लागला होता. मला बघून म्हणाली, “मैद्याचं होतं.”

मी तिचा हात धरून तिला उठवलं. हात गार होता आणि घामाने भिजलेला होता. दादा, या पत्रात पुढे काही हसण्यासारखं आलं तर तो हात लक्षात ठेवून वाचावं.

रिकाम्या पोटी गोळीने साखर पार उतरली असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. प्रियदर्शनी नावाची मुलगी आहे, यवतमाळकडची, हसतमुख. आमच्या आमोदची बायको स्वराली बरोबर होती, कारण मी ऐकलेलं मला घरी येईपर्यंत आठवत नाही असं ठरलेलं आहे. त्या मुलीने सांगितलं की भात अगदी कमी करायचा आणि त्याच्या जागी आपली जुनी धान्यं आणायची. राळे, सावा, कोद्रा, वरई, नाचणी. ही सालीसकट खाल्ली की पोटात रेंगाळतात, साखर एकदम चढत नाही. औषध म्हणून खायची नाहीत, गोळी चालूच ठेवायची, आणि जुनं आहे म्हणून पातेलंभर खायचं नाही, वाटीच्या मापाने. हे सगळं मला पटण्यासारखं वाटलं. उल्का म्हणाली, “राळे आम्ही पाखरांना घालायचो.”

“म्हणूनच पाखरांना शुगर होत नाही, मावशी.”

पेठेबाहेरच्या माणसाने उत्तर दिलं की उल्का त्याचं गाव विचारते. या वेळी विचारलं नाही. ती मघाच्या यादीतल्या एका शब्दापाशी थांबली होती.

“पण वरई कुठे धान्य आहे? ती उपासाची.”

“धान्यच आहे ना मावशी. ज्वारी-बाजरीच्याच घरातली ती. हजारो वर्षांपासून खाऊन राहिले लोक. एकदम चांगलं धान्य आहे.”

तिने हे मायेने सांगितलं. समोरच्या बाईचं काय झालं ते तिला कळण्यासारखं नव्हतं. येताना रिक्षा लक्ष्मी रस्त्याला अडकली.  उल्का म्हणाली, “म्हणजे आजवर मी एकादशीला जेवतच होते.”

“काय म्हणाल्या, आजी?” रिक्षावाल्याने विचारलं.

“तुम्ही पुढे बघा.”

दादा, ही एकादशी कुठून आली हे आपल्याला माहीत आहे. तरी लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या आई टायफॉइडने पडल्या होत्या. उठून पाणी घेण्याचीही ताकद नव्हती. त्यांनी परकरातल्या उल्काला जवळ बोलावलं आणि सांगितलं, माझी एकादशी तेवढी तू सांभाळ. आई बऱ्या झाल्या. एकादशी परत मागायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही आणि परत द्यायचं हिच्या. लग्नानंतर ती एकादशी हिच्याबरोबर आमच्या घरी आली. आई जाऊन आता किती वर्षं झाली. आईंचं म्हणून हिच्यापाशी तेवढंच आहे. (दागिने वहिनींकडे आहेत. ते योग्यच आहे.)

धान्यं घरात आली तेव्हा मला वाटलं, प्रश्न चवीचा आहे. तो जागेचा निघाला. आमच्या स्वयंपाकघरात वरचं फडताळ उपासाचं आहे, हे आपण पाहिलं असेल. तिथलं मीठ वेगळं, तिखट वेगळं, दाण्याचा कूट वेगळा. चमचाही तिथलाच तिथे. (मी एकदा तो आमटीत घातला होता. तो चमचा तेव्हापासून गॅलरीत कुंडीची माती उकरतो.) स्वरालीने वरईची बरणी काढून खाली कोद्र्याशेजारी ठेवली. “आई, आता रोजच लागणार ना, कशाला वर हात करायचा?” उल्काने ती वर ठेवली. स्वरालीने परत खाली आणली. काही दिवस या घरात वरईइतका व्यायाम कुणाला झाला नाही. शेवटी स्वरालीने वेळ वाचवण्यासाठी राळे, सावा आणि वरई एकाच मोठ्या बरणीत ओतून हलवून ठेवलं आणि बरणीवर ‘मिक्स मिलेट’ अशी चिठ्ठी लावली.

“मिक्स काय?” उल्का म्हणाली. “जेवण आणि उपास मिक्स केलास तू.”

“आई, पोटात गेल्यावर सगळं एकच ना?”

“पोटात गेल्यावर एकच असतं, म्हणून बाहेर वेगळं ठेवायचं असतं.”

यात माझी बाजू कुणी विचारली नाही. माझी साखर व्यवस्थित आहे. तरी सकाळी नाचणीची आंबील, दुपारी राळ्याचा भात, रात्री कोद्रा किंवा ज्वारीची भाकरी हे मलाही लागू झालं. स्वराली म्हणाली, बाबांना चांगलंच आहे. कोद्रा खाताना माणूस गंभीर होतो. घास खाली जायला वेळ घेतो आणि तेवढ्या वेळात बोलायला विषय लागतो. आमच्याकडे विषय एकच होता. पण खरं ते लिहिलं पाहिजे: उल्काची साखर खाली आली आहे. सकाळी उठताना ती भिंत धरत असे, आता धरत नाही. आणि राळ्याचा भात ताकाशी वाईट लागत नाही. हे स्वरालीला कळू देऊ नये, नाहीतर तो परवापासून सकाळीही मिळेल.

मग मागच्या आठवड्यात ताटावर बसल्या बसल्या उल्का म्हणाली, “रोज वरई खायची आणि एकादशीलाही वरईच खायची. मग देवाला कळणार कसं, आज एकादशी आहे?”

मी म्हटलं, पंचांग त्याच्याकडेही असेल. हे मी बोलायला नको होतं. ती ताट उचलून आत गेली.

मी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, म्हणून हे कागदावर मांडून पाहिलं. वरई धान्य आहे असं मानू. मग ती एकादशीला चालत नाही, उल्का उपाशी. वरई धान्य नाही असं मानू. मग ती रोजच फराळ करते आहे, एकादशीला त्यातूनही काही सोडावं लागेल, आणि सोडायला वरईशिवाय दुसरं राहिलेलं नाही, उल्का उपाशी. (राजगिऱ्याने सुटका होईल असं वाटलं होतं. प्रियदर्शनीला फोन केला. ती आनंदाने म्हणाली, काका, तेही जुनंच धान्य धरतो आम्ही.) दोन उलट गृहीतकं आणि उत्तर एकच. वर्गात असं झालं की मी खडू खाली ठेवून मुलांकडे बघत असे. इथे बघायला कुणी नाही.

तिने ठरवलं आहे. उद्या काही खायचं नाही, नुसतं पाणी. मी विचारलं, गोळी? ती म्हणाली, “घेणार ना. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी चुकवायची नाही. आणि गोळीत धान्य नाही.”

रिकाम्या पोटी ती गोळी म्हणजे पुन्हा तांबट आळी, हे मी सांगितलं. स्वरालीने सांगितलं. डॉक्टरांनी फोनवर ओरडून सांगितलं. उल्काने सगळ्यांचं शांतपणे ऐकलं. ती ऐकते तेव्हाच मला भीती वाटते.

मग मी अभयगुरुजींना बोलावलं. तरुण आहेत, मोटरसायकलवर येतात, पण शिकलेले आहेत. ते बसल्या बसल्या म्हणाले, “काकू, वरई चालते.”

“का चालते?”

“पूर्वीपासून चालत आली आहे.”

“पूर्वीपासून तर आपल्या गल्लीत उलट्या बाजूने गाड्या येतात. मगाशी तुम्हीही तसेच आलात.”

गुरुजींनी कोकम सरबत संपवलं. जिन्यात मला म्हणाले की काका, आजारी माणसाच्या वतीने घरचं कुणीही व्रत धरू शकतं. नवरा, मुलगा, सून, भाऊ. फक्त मनापासून धरायला हवं. मी जिन्यातून धावत वर आलो. (धावत हा शब्द माझ्या वयाला धरून घ्यावा.) तिला सांगितलं, उद्यापासून तुझी एकादशी मी धरतो.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही? अहो, तुम्हाला एकादशी कळते ती खिचडीच्या वासाने.”

आमोदचं नाव काढलं. तर म्हणाली, तो ऑफिसात आमलेट खातो, त्याच्या वाटणीचीसुद्धा मीच धरते. स्वराली पुढे झाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, बरणीचं तिला लागलं होतं. म्हणाली, आई, मी धरते, खरंच. उल्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “तू डाएटसाठी तशीही दुपारपर्यंत उपाशी असतेस गं. देव म्हणेल, हे माझं की वजनकाट्याचं?”

स्वराली रडता रडता हसली. मी हसलो नाही. घरातली माणसं संपली होती.

आता संध्याकाळ झाली आहे, दशमीची. उल्का आत पडून आहे. मघाशी डोकावलो तेव्हा छताकडे बघत होती. काय चाललंय, विचारलं. म्हणाली, “मोजतेय. किती एकादश्या वाया गेल्या ते.” मी म्हटलं, एकही वाया गेली नाही. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत. मला खरंच माहीत नाही. आईंना माहीत असतं.

कोद्रा झाला आहे. खाली लागला आहे, पण झाला आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे बाकी सर्व क्षेम.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. वर इतकं लिहून मुद्दा राहिला, की मुद्दा लिहिता येईना म्हणून इतकं लिहिलं, हे आपणच ठरवावं. ही एकादशी मूळची आपल्या घरची आहे. आईंनी ती सांभाळायला दिली होती, कायमची दिली नव्हती. आपण थोरले. ती आता आपण परत घ्यावी. उल्काला आपल्या हाताने चार ओळी लिहाव्यात की आईची एकादशी इथून पुढे मी धरतो, तू जेवत जा. मी सांगितलेलं तिला पटतं, पण ती ऐकत नाही. आपण सांगितलेलं पटलं नाही तरी ऐकते. लग्नालाही ती तशीच तयार झाली होती.

ता. क. दुसरा. एकादशी महिन्यातून दोनदा येते. हे आपल्याला माहीत असणारच. तरी वहिनींना विचारून घ्यावं. त्या दिवशी बाजारात गेल्यावर भेळ खाल्ली तर ती मोडते, जरी उभ्याने खाल्ली असली तरी. आपली जेवणाची आवड मला माहीत आहे, आणि मी केवढं मागतो आहे हेही माहीत आहे. मी माझ्यासाठी आपल्याकडे कधी काही मागितलं नाही. हेही माझ्यासाठीच आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र कराडला पोचेल तेव्हा उद्या होऊन गेलेला असेल. उद्याचं मला एकट्याला बघायचं आहे. गोळ्या लपवाव्यात असं मनात येतं. नको, असंही येतं. त्या लपवणं हेही डॉक्टरांच्या सांगण्यात बसत नाही.

ता. क. शेवटचा, दुसऱ्या दिवशी सकाळी. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून लिहितो.

उल्का अंघोळ करून स्वयंपाकघरात आली. मी टेबलाशी बसलो होतो, हात गोळ्यांच्या पाकिटावर होता. म्हणाली, हात काढा. मी म्हटलं, आधी खा. ती म्हणाली, हात काढा. मी काढला नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं असावं, कारण पुढे काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. ती समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, काल एवढं कुणाला लिहीत होतात? दादांना, म्हटलं. तुझी एकादशी त्यांना धरायला सांगितली आहे.

“दादाला?” ती म्हणाली. “तो एकादशीला दोनदा जेवेल. एकदा स्वतःचं, एकदा माझ्या वतीने.”

आणि ती हसायला लागली. हसताना तिने पदर तोंडाला लावला, आणि मग तो डोळ्यांना लावला. म्हणाली, आईने मला सांगितलं होतं, त्याला नाही. मग उठली, वरच्या फडताळातून नवी वरई काढली, धुतली, शिजवली. वाटीच्या मापाने ताटात घेतली, वर ताक घातलं आणि सगळी खाल्ली. हात धुऊन माझ्यापुढे तळवा धरला. मी गोळी दिली.

चहा टाकतेस ना, असं मी विचारलं. बिनसाखरेचा का होईना, तेवढाच एक तिला राहिला आहे. सकाळी दोन कप झाल्याशिवाय ती कुणाशी नीट बोलत नाही. ती म्हणाली, “चहा नाही. आज एकादशी आहे.”

तेव्हा पहिल्या ता. क.मधली विनंती रद्द समजावी. ती जेवली. चहा तिने घेतला नाही. मलाही मिळालेला नाही.